वाळवी न लागलेली तिकिटं

आमच्या घरात जुन्या तिकिटाची ओळख पटवायचं शेवटचं साधन म्हणजे माझ्या नवऱ्याची जीभ होती. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. भिंग, चिमटा, कडेचे दाते मोजायची पट्टी, कागदातलं जलचिन्ह पाहायची काळी बशी, हे सगळं माझ्याकडे होतं आणि आजही आहे. पण जे तिकीट कुठल्याच छापील सूचीत नाही आणि ज्यावर गावाचं नाव नाही, त्याच्यापुढे ही अवजारं हात टेकतात. मग मी तिकीट उलटं करून नवऱ्यापुढे धरायची. तो मागच्या डिंकाचा कोपरा जिभेच्या टोकाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "धावडा." नाहीतर म्हणायचा, "बाभूळ हाय. वरून पिठाची खळ मारली कोनंतरी."

"होती" असं मी मुद्दाम लिहिलं आहे. आणि त्याला "तो" म्हणते आहे तेही मुद्दामच. तोंडावर एवढ्या वर्षांत कधी एकेरी हाक मारली नाही. लिहिताना सोय असते, ती घेते.

त्याची जीभ अशी तयार झाली मेळघाटात. वनखात्याच्या नोकरीची बरीचशी वर्षं त्यानं सेमाडोहच्या बाजूला काढली. जंगलातला डिंक गोळा होऊन यायचा आणि त्यातली भेसळ पकडायचं काम याच्याकडे. बाभळीचा डिंक जिभेवर निमूट विरघळतो, धावड्याचा तार धरतो आणि टाळूला चिकटून बसतो, सालईचा कडवट असतो आणि त्याला धुपाचा वास येतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण ते त्याच्याकडून ऐकून. मी स्वतः कधी एकही तिकीट जिभेला लावलं नाही. मला किळस यायची. कुणाच्या हातचं, कुणाच्या थुंकीचं, कोण जाणे.

मी अकोल्याच्या कोषागारात होते. मुद्रांकांच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून नोकरी केली, तिथूनच हा नाद लागला. तो जंगलात, मी तिजोरीत, आणि आमचा संसार एसटीत. निवृत्तीनंतर अमरावतीत घर केलं आणि पहिल्यांदा एका छताखाली रोज राहायला लागलो. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. आमची भांडी तर इतकी वर्षं वेगवेगळ्या गावच्या फळ्यांवर होती, त्यामुळे आवाज जरा जास्तच झाला. तो दार उघडं टाकतो, मी बंद करते. तो भाजीत तिखट मागतो, मी घालत नाही. जंगलात लागलेला तंबाखूचा खर्रा मी माझ्या धाकानं सोडवला, म्हणजे मी तसं समजत होते. या सगळ्या धुसफुशीत तिकिटं हेच एक काम आम्ही भांडण न करता शेजारी बसून करायचो. म्हणजे भांडायचो, पण डिंकावरून. मी मोठ्या हौसेनं एखादं तिकीट अमक्या गावचं म्हणून ठरवावं आणि यानं जीभ लावून माझं सगळं मुसळ केरात घालावं. "तुया मनानं डिंक बदलत नाही वं," असं म्हणून हसायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता त्या हसण्याची आठवण येते.

त्या तिकिटांची गोष्ट अचलपूरला सुरू झाली. तिथे एक चाचा आहेत, पिढीजात जिल्दसाज. वह्या-पुस्तकं बांधायचं काम आता नावापुरतं उरलं, जुन्या कागदाचा व्यापार मुख्य. मी वर्षातून दोन-चारदा एसटीनं त्यांच्याकडे जायची. तिकिटावर उर्दू ओळ असली की तेच वाचून द्यायचे, आणि चहा पाजल्याशिवाय काही दाखवायचे नाहीत.

त्या दिवशी चहा झाला तरी ते उठेनात. मग आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर न ठेवता खाली फरशीवर ठेवला. डब्यात अर्धा ताव तिकिटं होती, कोरी, एकही फाडलेलं नाही. वांगी रंगाचं तिकीट, मधे फुटलेलं कापसाचं बोंड, वर एक उर्दू ओळ, खाली मराठीत "महसूल". दाते यंत्रानं पाडलेले नव्हते. शिलाई मशीन दोरा न ओवता कागदावर चालवावी तशी वेडीवाकडी भोकं होती. असं तिकीट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि कुठल्या सूचीत वाचलंही नव्हतं.

"चाचा, उर्दूत काय लिवलं हाय?"

"महसूल. बस, इतनाच. गावचं नाव नाही."

डब्याच्या तळाशी पांढरट भुकटी होती आणि तिच्यात मेलेली कसर. कागद पिवळा पडला होता, पण त्याला एकही छिद्र नव्हतं. आमच्या वऱ्हाडात काळ्या मातीतल्या घरांमधून एवढा जुना कागद धडधाकट निघत नाही. वाळवी, म्हणजे आमच्याकडची उधई, भिंतीत राहते आणि कागद खाते. हा ताव मात्र परवा छापल्यासारखा होता. मी भुकटीवर फुंकर मारली. चाचांनी तोंडावर रुमाल धरला आणि मागे सरकले.

"बाई, घेऊन जा तुमी," ते म्हणाले. "पन घरात लहान लेकरू असन तर त्याच्या हाताले लागू देऊ नका. पहिलेच्या लोकायनं काय औषध मारलं याच्यावर, अल्ला जाने. उधईनं तोंड नाही लावलं याले. ज्याले उधई तोंड लावत नाही, त्याले मानसानं कायले लावा?"

"आमच्या घरी कोनी लहान नाही, चाचा," मी म्हणाले.

ते खरंच होतं. लहान कुणी नव्हतं. मी डबा पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि परतवाड्याहून निघालेल्या गाडीत अमरावतीपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. हात घरी येऊन धुतले, इतकी अक्कल मला होती.

आता या तिकिटाचं कोडं काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापसाचं बोंड तर साऱ्या वऱ्हाडात आहे. तिकीट अचलपूरच्या बाजूला छापलेलं की अकोल्याच्या, एवढंच ठरवायचं होतं. माझा एक अंदाज होता, पुस्तकातला नव्हे, माझा स्वतःचा: अचलपूरकडचे लोक मेळघाटातून येणारा धावड्याचा डिंक लावत, अकोल्याकडचे बाभळीचा. ओळखीच्या तिकिटांवर नवऱ्याच्या जिभेनं तो पुष्कळदा खरा ठरवला होता आणि काहीदा खोटाही. लांबच्या शहरात एक गृहस्थ आहेत, न नोंदलेल्या अशा तिकिटांची सूची तयार करणारे. मी त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. असं एक तिकीट त्यांनी अकोल्याकडच्या एका कागदावर चिकटवलेलं पाहिलं होतं, पण कागद कुठूनही येऊ शकतो. गाव ठरलं तर पहिल्यांदा सूचीत जाईल, आणि शोधणाऱ्याच्या नावानं जाईल.

शोधणाऱ्याच्या नावानं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. साऱ्या नोकरीत माझं नाव फक्त हजेरीपटावर छापलेलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी तावाचा एक कोपरा ओलसर कापडानं पुसला, म्हणजे भुकटी गेली असं मी मानलं, आणि एक तिकीट नवऱ्यापुढे धरलं. त्यानं लावलं. पुष्कळ वेळ लावला. मग माझ्याकडे पाहिलं.

"धावडा," तो म्हणाला.

मी टाळी वाजवली. त्या आनंदात मी शिरा केला.

पण एका तिकिटानं सिद्ध होत नाही. तावाच्या दुसऱ्या कडेला रंग जरा फिका होता, तेव्हा छपाई दोनदा झाली असावी अशी शंका होती. म्हणून थोड्या-थोड्या दिवसांनी मी एकेक तिकीट सुटं करायची आणि त्याच्यापुढे धरायची. तो सांगत गेला. जिथे मला धावडा वाटायचा तिथे धावडा, आणि फिक्या रंगाच्या कडेला मला बाभळीची शंका होती तिथे बाभूळ. किती सोयीचं. पूर्वी माझं मुसळ केरात घालणारा हा माणूस आता प्रत्येक वेळी माझ्या मनासारखं बोलत होता, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट मी त्याला म्हणाले, "आता कसं, वय झाल्यावर समजूत आली तुमाले."

तो हसला नाही. मान हलवली आणि अंगणात जाऊन बसला.

घरात दुसरंही काही घडत होतं, आणि मी ते पाहत होते. न पाहता पाहत होते. त्यानं भाजीत तिखट मागणं बंद केलं. मला वाटलं, अखेर जिंकले. मग तो वरणात मीठ घ्यायला लागला, मुठीनं. मी ओरडले, रक्तदाब वाढून मराल म्हणाले. एकदा मी चहात साखर विसरले आणि त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. पानातली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायला लागला, कडक भाकरीशिवाय ज्याचं पान हलायचं नाही असा माणूस. दात दुखतो म्हणाला. मग मी लवंगेचं तेल दिलं. थंडीत डिंकाचे लाडू केले, त्याच्याच पद्धतीनं, धावड्याचा डिंक तुपात फुलवून. त्यानं एक लाडू सारा दिवस पुरवला आणि म्हणाला, "लय मस्त झाले." ते लाडू मी खाल्ले तेव्हा कळलं की तूप खवट होतं. मी उरलेले लाडू गाईला घातले आणि त्याला काही बोलले नाही. मला वाटलं, माझं मन राखायला बोलला असेल. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

उन्हाळा लागला. सूचीवाल्या गृहस्थांचं पुन्हा विचारणं आलं. छपाईला द्यायची वेळ आली आहे, डिंकाची खात्री आहे ना, एकदा शेवटचं पाहून घ्या. सभ्य माणूस, त्यांची शंका रास्त होती. मी नवऱ्याला सांगितलं.

"झालं ना सांगून," तो म्हणाला. "किती डाव चाखू?"

"एकच डाव. मायं नाव छापून येनार हाय."

तो म्हणाला, "आन."

सकाळची वेळ होती, ओसरीवर चांगला उजेड होता. मी आत गेले. टेबलावर दोन बशा होत्या. एका बशीत मागचा डिंक तसाच असलेली तिकिटं. दुसऱ्या बशीत एकच, जे आदल्या दिवशी मी पाण्यात भिजवून, डिंक पार धुऊन, कागदाचा पोत पाहायला वाळत टाकलं होतं. भिजवलेलं तिकीट वाळलं की गुंडाळतं, म्हणून त्याच्यावर काच ठेवायची असते. ती काच मी मघाशी पुसायला उचलली आणि दुसऱ्याच बशीवर ठेवली. एवढीच चूक. काच नसलेल्या बशीतलं तिकीट उचललं, बाहेर आले, त्याच्यापुढे धरलं.

त्यानं जिभेला लावलं. डोळे मिटले. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे. मला धावडा हवा होता.

डोळे उघडून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "धावडाच हाय," तो म्हणाला. "तार धरून राहिला ना."

मी तिकीट परत घेतलं आणि सवयीनं उजेडात तिरपं धरलं. डिंक असला की मागची बाजू चकाकते. ही कोरडी ठक्क होती. कागदाचे तंतू दिसत होते. तेव्हा मला बशा आठवल्या.

धुतलेला कागद तार धरतो म्हणून सांगत होता हा.

पहिल्यांदा राग आला, तो नेहमीसारखा तोंडावाटे येणार होता, पण आला नाही. मी त्याला म्हणाले, "आ करा."

"कायले?"

"आ करा म्हनते ना."

"दात दुखते मनून सांगितलं तुले. दाताच्या डाक्टरले दाखवू उद्या."

मी त्याच्यासमोर बसले, एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी त्याच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं. तिकिटाच्या चारी कडांचे दाते मी मोजते, एक तुटका असला तर रात्रभर चुटपुट लागते. आणि या माणसाच्या डाव्या बाजूच्या दाढांना लागून जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता, त्याच्या मधोमध चिरलेलं, कडा उचललेलं लाल मांस होतं, आणि भिंग नसतं तरी ते दिसलं असतं.

"कव्हापासून?"

"हाय थोडे दिवस."

"दुखते?"

"नाही."

त्या 'नाही'वर मी किती सहज विश्वास ठेवला. किती घाईनं ठेवला, असंही म्हणता येईल.

अमरावतीच्या डॉक्टरांनी बॅटरीनं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. मांसाचा तुकडा तपासायला पाठवला. मग विचारलं, चव कधीपासून गेली? मी म्हणाले, चव गेलेली नाही, आतापर्यंत यांची जीभ... आणि थांबले. तो खाली पाहून म्हणाला, "संक्रांतीच्या पहिलेपासून. लाडवाची पन नाही लागली."

संक्रांतीच्या पहिलेपासून. म्हणजे वांगी रंगाच्या तावातली शेवटची अर्धी तिकिटं तरी त्यानं आंधळ्या जिभेनं चाखली होती.

"मंग सांगत कसे होते तुमी?" मी डॉक्टरांसमोरच विचारलं. मला लाज राहिली नव्हती.

"तुया तोंडाकडे पाहून," तो म्हणाला. "तुले धावडा पायजे असला का तुये डोये मोठे होते. बाभूळ म्हटलं का खाली पाहतं तू."

डॉक्टर खर्ऱ्याचं विचारत होते. कधी सुरू केला, कधी सोडला. सोडलेला नव्हता, हेही तिथेच कळलं. अंगणात जाऊन बसायचा तेव्हा पुडी खिशात असायची. मी त्या डब्याचं, त्या भुकटीचं सांगितलं. चाचा काय म्हणाले तेही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हा आजार काही महिन्यांचा नसतो, आणि तंबाखूच पुरेशी आहे. पण भुकटी काय होती ते कोण सांगणार? आता ते कशानं झालं यावर वेळ घालवू नका. आणि घरात कुणीही, कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा, त्या कागदांना तोंड लावू नका. दोनदा सांगितलं त्यांनी.

मी चाचांना फोन केला. तिकिटाचं काय ठरलं, त्यांनी आनंदानं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "बाई, मी लेकराचं म्हनलं होतं. मोठा मानूस तोंडाले लावन असं माया ध्यानातच नाही आलं." त्यांचा आवाज रडवेला होता. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. हे सांगावं असं कुणाच्याच ध्यानात येणार नाही. जगात तिकीट चाखून गाव ठरवणारं एकच घर होतं, आणि ते आमचं होतं.

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया अकोल्याला झाली. दवाखान्यात शिरताना मला माझं जुनं कोषागार आठवलं, कारण तिथलीच वाट. किल्ल्या कमरेला लावून मी त्या रस्त्यानं चालत असताना हा तिकडे जंगलात लोकांचा डिंक चाखत होता आणि खर्रा खात होता, आणि आम्हाला दोघांनाही वाटत होतं की पुढे खूप वेळ आहे. जिभेचा डावा भाग काढला. मानेतल्या गाठी तपासायला पाठवल्या. त्या गाठींत आजार पोचला असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर वेगळी, असं सर्जन म्हणाले. वेगळी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अहवाल यायचा होता. मी हे लिहायला घेतलं तेव्हाही तो यायचाच होता.

बोलता येत नव्हतं. नाकातून नळी होती. मी बाजारातून लहान मुलांची पाटी आणून दिली. पहिल्या दिवशी त्यानं तिच्यावर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "तिकीट छापलं काय?"

मी नाही म्हणाले. सूचीवाल्यांना कळवलं की डिंकाबद्दल मी दिलेली माहिती धरू नये. कारण कळवलं नाही. त्यांनी लिहिलं, हरकत नाही, मग यावेळी ते "अनोळखी" म्हणून जाऊ दे. त्याला मी ते वाचून दाखवलं. त्यानं डोळे मिटले आणि डोळ्याच्या कडेनं पाणी आलं. मला वाटलं जखम दुखत असेल. मग त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, "तुयं नाव गेलं."

एवढं भोगत असताना या माणसाला माझ्या नावाचं पडलं होतं. तेव्हा मला त्याच्यावर जी माया आली तशी लग्नाच्या वर्षीसुद्धा आली नव्हती. आणि माया आली की माझ्या हातून हटकून मूर्खपणा होतो. मी ठरवलं, याचं ज्ञान तर डोक्यात आहे, गेली ती फक्त जीभ. जीभ माझ्याकडे आहे.

माझ्या पर्समध्ये पाकिटात एक तिकीट होतं. डिंकासकट. कशाला आणलं होतं म्हणाल तर सांगता येणार नाही. ते मी काढलं, उलटं केलं आणि तो पाहत असताना जिभेला लावलं. डॉक्टरांचं आठवत होतं. चाचांचंही. एकदा, एकच कोपरा, असं मी मनाला समजावलं.

"ऐका," मी म्हणाले. "मी सांगते कसं लागते, तुमी मान हलवा. पहिले काईच नाही. मंग थोडं गोडसर. आता टाळूले चिकटून राहिलं. तार धरते का काय म्हनते तसं. पन मांगून कडू हाय. लोखंडासारखं. जीभ बधिर होते थोडी. हे धावड्यात असते काय?"

त्यानं मान हलवली नाही. तो उठून बसायला लागला, नळ्यांसकट. मी घाबरून त्याला धरायला गेले तर त्यानं माझ्या हातातलं तिकीट हिसकलं आणि उशाशी असलेल्या थुंकीच्या भांड्यात, रक्ताळलेल्या कापसावर टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत ते वांगी रंगाचं बोंड ओलं होत गेलं. मी ते काढायला हात पुढे केला नाही.

मग त्यानं माझ्या गळ्यातल्या भिंगाची दोरी धरली आणि मला जवळ ओढलं. भिंग डोळ्याला लावलं. दुसऱ्या हातानं खूण केली. आ कर.

मी केला. जीभ बाहेर काढून त्या लोखंडी खाटेच्या कडेला मी बसले होते. नर्स आत आली आणि काही न बोलता परत गेली. त्यानं आधी डावी कड पाहिली, मग उजवी, मग हनुवटी वर करून खालची बाजू. मी त्याच्या तोंडात ज्या जागी पांढरा चट्टा पाहिला होता, त्या जागी तो सर्वांत जास्त थांबला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, औषधाच्या वासाचा. भिंगापलीकडे त्याचा डोळा मोठा दिसत होता आणि त्यात भीती होती. मेळघाटातल्या गोष्टी सांगताना, वाघाची गाठ पडल्याचं सांगतानासुद्धा, मी ती त्याच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

"काय दिसते?" जीभ आत घेऊन मी विचारलं.

त्यानं पाटी घेतली. लिहिलं, "दुखते काय?"

त्या साऱ्या महिन्यांत मी त्याला रोज एकच प्रश्न विचारत होते, धावडा का बाभूळ. हा प्रश्न मी फक्त एकदा विचारला होता, तोही फार उशिरा.

"नाही," मी म्हणाले. आणि खरंच दुखत नव्हतं, जीभ फक्त थोडी बधिर होती.

पण 'नाही' तोही असंच म्हणाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाटी बाजूला ठेवली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.